भाच्याचं तिसरं मागणं

सारीबुलाक गावात एसेनगेल्दीला आजवर कुणी शिवी दिली नव्हती. ऐकणाऱ्याला वाटेल, काय नशीब काढलंय पठ्ठ्यानं! पण हे त्याला विचारा. साठी गाठलेला माणूस. उभा जन्म याच गावात गेला, निम्म्या गावाचे शर्यतीचे घोडे त्याच्या हातून तयार झाले, आणि तरी एकाही म्हाताऱ्यानं त्याला "गाढवा, इकडे ये" अशी हाक कधी मारली नाही. बाकीच्यांना उठता-बसता मारायचे.

कारण एवढंच, की तो गावाचा भाचा होता.

सारीबुलाकमधली सगळी घरं बोरानबायच्या वंशातली. एकच भावकी. पुरुष सगळे एकमेकांचे काका, पुतणे, चुलतभाऊ. पोरी लग्न होऊन बाहेर जायच्या, सुना बाहेरून यायच्या. एसेनगेल्दीची आई इथलीच लेक. तिला दूर पश्चिमेला, ताबिन कुळात दिली होती. नवरा रेल्वेत कामाला होता, तो अपघातात गेला. "पोराला न्यायला येतो," असं सासरचे म्हणाले आणि आलेच नाहीत. आई तान्ह्याला घेऊन माहेरी परतली. आजोबांनी नातवाचं नाव ठेवलं एसेनगेल्दी, म्हणजे सुखरूप आलेला. आला खरा, पण कुळ बापाचं लागतं, आईचं नाही. ज्या ताबिनांना त्यानं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्यांचा तो ठरला, आणि ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढला त्यांचा नुसता भाचा.

भाच्याचे लाड करायचे, ही आमची रीत. भाच्यावर हात उगारला तर म्हातारपणी मामाचा हात थरथरतो, असं मानतात. लहानपणी त्यानं आणि गावातल्या पोरांनी मिळून कुणाचा तरी घोडा गुपचूप पळवला आणि लंगडा करून परत आणला. बाकीच्यांच्या पाठीवर चाबूक बसला. एसेनगेल्दीच्या हातात सायीचा वाडगा आला. "खा बाळा, तू घाबरू नकोस." पोरं पाठ चोळत त्याच्याकडे बघत होती. त्यानंतर कितीतरी दिवस त्याला कुणी खेळायला घेतलं नाही, आणि घेतलं नाही म्हणून घरी सांगायचीही सोय नव्हती, कारण सांगितलं असतं तर त्या पोरांना पुन्हा चाबूक आणि याला पुन्हा साय.

मोठेपणीही तेच. गावात लग्न असो की मयत, भावकीतले पुरुष धावपळ करायचे. कुणी मेंढी सोलतोय, कुणी चुलाणात लाकडं सारतोय, कुणी झारी घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी घालतोय. एसेनगेल्दी बाह्या सरसावून पुढे झाला की कुणीतरी त्याचा दंड धरायचं. "भाचेबुवा, तुम्ही कशाला? वर बसा, वर!" मग तो दाराच्या समोर, मानाच्या बैठकीवर, उशीला टेकून बसायचा आणि आपल्याच वयाची माणसं घाम पुसत पळताना बघायचा. स्वतःच्या आईच्या मयताला कबर खणायला त्याला कुदळ मागून घ्यावी लागली. एवढ्या एका गोष्टीनं त्याचं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

आणखी एक रीत होती. भाच्यानं मामांकडे आयुष्यात तीनदा काहीही मागावं, मामांनी नाही म्हणायचं नाही. परगावचे भाचे यायचे आणि शिंगरू, शिकारी कुत्रा, चांगलं खोगीर, जे दिसेल ते उचलून न्यायचे. मामा दात-ओठ खात हसायचे. एसेनगेल्दीनं मात्र साधा दोरसुद्धा मागितला नव्हता. मागणं म्हणजे आपण पाहुणे आहोत हे आपल्याच तोंडानं कबूल करणं. घरातला माणूस कधी हक्क म्हणून मागतो का? तो सरळ उचलतो आणि वर चार शिव्या खातो.

चाळिशीत एकदा तो उठून पश्चिमेला गेला, बापाच्या माणसांकडे. त्यांनी मिठ्या मारल्या, रडले, मेंढी कापली. आणि बसवलं कुठं? दाराच्या समोर, मानाच्या बैठकीवर! वरून एक चुलता खो खो हसत म्हणाला, "अरे, हा तर आईकडच्या नायमानांसारखा बोलतो की!" एसेनगेल्दी ठरल्यापेक्षा लवकर परतला. कुलझिरानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाला, "काही नाही. तिथंही चांगलीच खातिरदारी झाली." आणि घोड्यांकडे निघून गेला.

घोडे मात्र खरे. घोड्याला कुळ विचारता येत नाही. त्याच्याकडे कारलिगाश नावाची काळी घोडी होती, पातळ कानांची, लांब पोटऱ्यांची. वसंतातल्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे आली, तेव्हा एक गंमतच झाली. आमच्याकडे घोडा जिंकला की लोक मालकाच्या कुळपुरुषाच्या नावानं आरोळी ठोकतात. सारीबुलाकच्या माणसांनी तोंडं उघडली आणि तशीच मिटली. "बोरानबाय" म्हणावं तर घोडी ताबिनाची. ताबिनांची आरोळी ठोकावी तर त्या मैदानात ताबिन एकटा एसेनगेल्दी, आणि त्याचा स्वतःचाच घसा बसलेला. घोडी मुकाट जिंकली.

त्याच वर्षी शरदात बोरानबायच्या नावानं मोठं जेवण ठरलं. आजूबाजूची कुळं येणार, दुसऱ्या दिवशी मोठी शर्यत. जेवणाच्या आदल्या दिवशी गावचा सगळ्यांत थोरला म्हातारा ओमिरझाक काठी टेकत एसेनगेल्दीच्या तबेल्यात आला. हा त्याच्या आईचा लांबचा चुलतभाऊ. हात इतके थरथरायचे की चहाची वाटी कुणीतरी धरावी लागे.

"भाच्या," ओमिरझाक म्हणाला, "उद्या पांढरी मेंढी कापतोय. सगळ्यांसमोर तुझ्या हातात नळी देणार."

एसेनगेल्दीच्या हातातला खरारा खाली पडला. दत्तक घेताना मेंढीच्या घोट्याकडची नळी हातात देतात. ती ज्यानं धरली तो त्या कुळाचा झाला. मग कुणी त्याला कालचं काही विचारत नाही. त्याची मुलंबाळंही त्याच कुळाची.

"मामा, या वयात?"

"मी जिवंत आहे तोवर. तुझ्या आईला मी शब्द दिला होता, मग आज करू, उद्या करू. लाज वाटते रे मला." म्हातारा थांबला, मग घोडीकडे बघून खाकरला. "कोयशीबायही म्हणत होता, घोडी परवा आपल्या नावानं धावली तर बरं."

म्हणजे घोडी! एसेनगेल्दीच्या मनात एक काटा रुतला. आईला दिलेला शब्द इतकी वर्षं झोपला होता, तो घोडीच्या टापांनी जागा झाला. पण त्यानं तो काटा तसाच राहू दिला. साठ वर्षांनी दार उघडतंय तर कुणाच्या हातानं उघडतंय हे कशाला बघा? म्हाताऱ्याला घरापर्यंत सोडून तो जवळजवळ धावतच परत आला.

"कुलझिरा! उद्यापासून तू बोरानबायांची सून!"

कुलझिरा पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि चुलीपाशी बसलेल्या मकपालकडे पाहिलं. मकपाल त्यांची धाकटी लेक. ती वाट्या पुसत होती. त्या तशाच टाकून ती बाहेर निघून गेली.

"हिला काय झालं?" एसेनगेल्दीनं विचारलं.

"काय झालं! तुम्हाला घोड्यांखेरीज काही दिसेल तर ना! ओमिरझाकमामांचा नातू, बेयबूत. वर्ष झालं दोघांचं चाललंय. जेवण उरकलं की तो आजोबांकडे बोलणार होता. मी म्हटलं, त्यांची माणसं रीतीनं मागणी घालायला येऊ देत, मग तुम्हाला सांगू."

एसेनगेल्दी बोटांवर पिढ्या मोजू लागला. भाच्याच्या लेकीनं मामाच्या कुळात सून म्हणून यायला काहीच आडकाठी नव्हती. उलट जुनं नातं नवं झालं म्हणून लोक खूशच होतात. पण भावकीत सात पिढ्यांपर्यंत लग्न नाही, मेलं तरी नाही. आणि बोरानबाय म्हणजे ओमिरझाकचा पाचवा पूर्वज. उद्या यानं नळी धरली की मकपाल बोरानबायची लेक, बेयबूतची बहीण.

"मग नळी थोडी उशिरा घेतली तर?" तो म्हणाला.

"लग्न झाल्यावर? म्हणजे जावई तुमचा पुतण्या झाला! लोकांत हसं करून घ्यायचंय?" कुलझिरा पुन्हा पीठ मळू लागली. "तुम्ही सुखानं घ्या हो. तुमचा जन्म गेला त्यासाठी, मला काय माहीत नाही? पोरगी रडेल आणि गप्प बसेल. पोरी काय, गप्पच बसतात."

हे शेवटचं ती बोलली नसती तर बरं झालं असतं. एसेनगेल्दीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कुणावर? बायकोवर? पोरीवर? की त्या मेल्या बापावर, जो त्याला पुरतं नावही न देता रेल्वेखाली गेला? त्यानं जाऊन घोडीच्या मानेवर कपाळ टेकलं. कारलिगाशनं त्याची टोपी चावली.

सकाळी त्यानं ओमिरझाकला एकट्याला गाठायचं ठरवलं. मुलीचा बाप चारचौघांत मुलीचा विषय काढत नाही. म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं तर तोच काहीतरी निमित्त काढून नळी टाळेल. पण एकटा सापडेल तो ओमिरझाक कसला? मेंढी कापायच्या जागी गेला, तर दोघांनी त्याला अडवलं. "भाचेबुवा, कपड्यांना रक्त लागेल." जेवणासाठी उभारलेल्या तंबूत गेला, तर बायकांनी चहा पुढे केला. ओमिरझाक पाहुण्यांना उतरवून घेत होता, तिथं पोचला, तर कोयशीबायनं दंड धरला. हा कोयशीबाय रीतीभातींचा मोठा पक्का. कुणी ताटात हाड चुकीचं वाढलं तर वर्षभर अबोला धरणारा.

"अरे, आजचा मानकरी असा वणवण काय फिरतोय? वर बस!"

"कोयशीबायमामा, मला ओमिरझाकमामांशी दोन शब्द..."

"संध्याकाळपासून तू आमचा. मग बोल की हवं तेवढं, आम्ही पण तुला झाडू!" आणि त्याला उशीवर अक्षरशः दाबून बसवला.

झाडू म्हणे! हाच शब्द ऐकायला त्याचे कान आसुसले होते, आणि आज तो ऐकताना त्याला रडू येत होतं. समोर बेयबूत झारी आणि तसराळं घेऊन पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होता. उंच पोरगा, रुंद खांदे, डोळे मात्र रात्रभर न मिटलेले. त्यालाही कळलं होतं. एसेनगेल्दीच्या हातावर पाणी घालताना त्यानं मान वर केली नाही, आणि अर्धं पाणी तसराळ्याबाहेर गेलं.

मांसाची ताटं आली. ओमिरझाक उठून उभा राहिला. त्यानं ताटातली नळी उचलली. हात इतका हलत होता, की शेजारच्यानं त्याच्या कोपराला आधार दिला.

"एसेनगेल्दी," तो म्हणाला. भाच्या नाही, एसेनगेल्दी. "ही धर. आजपासून तू बोरानबायचा मुलगा. जो तुला परका म्हणेल, त्यानं माझं तोंड बघू नये."

चहाच्या चुलीकडे, बायकांच्या घोळक्यात, मकपाल पाठमोरी उभी होती.

एसेनगेल्दी उठला. ती नळी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. वाफ निघत होती. त्याला ती इतकी हवी होती की हात आपोआप पुढे निघाले. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"नको, मामा."

"काय म्हणालास?"

"मला घेता येत नाही."

ओमिरझाकचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "गाढवा!" तो असा ओरडला, की बाहेरचे घोडे फुरफुरले. "हरामखोरा! सगळ्या कुळांसमोर माझी दाढी उपटतोस? तुझ्या आईनं मरताना माझा हात धरला होता, तिला काय सांगू मी?" त्यानं काठी उचलली.

"ओमिरझाक, भाचा आहे तो!" कोयशीबाय दचकून म्हणाला. "हात थरथरेल!"

"आणखी काय थरथरणार, डोंबल!" म्हाताऱ्यानं काठी हाणली, ती एसेनगेल्दीच्या डाव्या खांद्यावर बसली. चांगली बसली.

एसेनगेल्दी हलला नाही. साठ वर्षांची साय एकदाची घशाखाली उतरली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज भाच्याचे तिन्ही हक्क मागतो. पहिलं, ती नळी ताटात परत ठेवा, आणि माझ्यावर राग धरू नका."

ओमिरझाक धापा टाकत होता. रीत म्हणजे रीत. त्यानं नळी ठेवली. "दुसरं?"

"दुसरं, तुमचा बेयबूत मला द्या. माझ्या मकपालसाठी."

कुणाच्या तरी हातून वाटी पडली. कोयशीबायनं कपाळाला हात लावला. "मुलीकडचे मागणी घालतात? अरे, बुडालं जग!"

"मुलीचा बाप मागत नाही, कोयशीबायमामा. भाचा मागतोय. भाच्याला नाही म्हणायचं नाही."

ओमिरझाकनं हळूच मान वळवून नातवाकडे पाहिलं. "खरं का रे?"

"आजोबा, मी जेवण झाल्यावर सांगणारच होतो," बेयबूत पुटपुटला.

"जेवण झाल्यावर! तोवर मी तुझी बायको तुझी बहीण करून बसलो असतो, गाढवा!" आणि म्हाताऱ्याला मध्येच हसू फुटलं. तो हसत होता की रडत होता कुणास ठाऊक, दाढी ओली होती. मग सगळा तंबू हसला. चुलीपाशी कुलझिरानं लेकीचं डोकं पदराखाली दाबून धरलं.

"ते सगळं ठीक," कोयशीबाय म्हणाला, "पण मग उद्या घोडी कुणाच्या नावानं धावणार?"

एसेनगेल्दीनं त्याच्याकडे बघितलं. या माणसाला एका दिवसात किती मागावं याची काही शुद्धच नव्हती. "कारलिगाश मकपालच्या आंदणात देतो," तो म्हणाला. "आजपासून तुमची. ठोका काय आरोळी ठोकायची ती."

तंबूत अशी आरोळी उठली की कापड हललं. बोरानबाय! बोरानबाय! एसेनगेल्दीच्या अगदी कानाशी लोक ओरडत होते. त्याचे ओठ एकदा हलले, आणि मग त्यानं ते मिटून घेतले.

"आणि तिसरं?" ओमिरझाकनं विचारलं. आता त्याचा आवाज मऊ होता. "माग, बाबा. आज माझी चामडीही माग."

एसेनगेल्दीनं बेयबूतच्या हातातल्या झारीकडे बोट दाखवलं. "आज जेवण झाल्यावर सगळ्यांच्या हातांवर पाणी मी घालणार. तुमच्या मुलांबरोबर. एवढंच."

ओमिरझाकनं जोरजोरात मान हलवली. "भलतंच! व्याह्याच्या हातात झारी? लोक थुंकतील माझ्या तोंडावर!"

"हक्कानं मागतोय, मामा."

"आता मामा कुठला? आता व्याही. भाच्याचे हक्क व्याह्याला नसतात." त्यानं एसेनगेल्दीचा हात आपल्या दोन्ही थरथरत्या हातांत धरला. त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की भांडायला जागाच उरली नाही. "चला व्याहीबुवा, वर बसा. अरे, कमरेचं हाड आणा रे! व्याह्यासाठी! कोयशीबाय, सरक, त्यांना वर बसू दे."

कोयशीबाय सरकला. एसेनगेल्दी सकाळपेक्षाही एक उशी वर बसला, कुणीही कधी बसलं नसेल इतक्या वर. त्याच्यापुढे व्याह्याच्या मानाचं हाड आलं. बेयबूत झारी घेऊन त्याच्यासमोर वाकला, आणि या वेळी पाण्याचा एक थेंबही बाहेर सांडला नाही.

एसेनगेल्दीनं हात पुढे केले. डावा खांदा ठणकत होता. काठीच्या गाठीनं तिथं चांगला वळ उठला असणार. हात पुसता पुसता त्यानं तो हळूच दाबून पाहिला, आणि हे दुखणं लवकर जाऊ नये असं त्याला फार वाटलं.